शॉकअप तळाला लागतो तेव्हा

भाताची कापणी उरकली की भिवंडीजवळच्या वळ गावाच्या आसपास उरलेली शेतं आठ-दहा दिवस अगदी उघडी पडतात. गोदामांच्या पत्र्याच्या भिंतींमधे एवढासा चौकोन, त्यात ओळीनं उभे भाताचे खुंट आणि त्यांच्यात टोचत फिरणारे दोन-चार बगळे. पेंढ्याचा गोडसर वास रस्त्यावरच्या ट्रेलरांच्या डिझेलमधे मिसळून जातो. सकाळी स्वेटर चढवावासा वाटतो आणि अकरा वाजता तोच नकोसा होतो. मी तिथल्याच एका गोदामात मशिनांची देखभाल करतो. ड्युटीवर जाताना रोज एका अशा चौकोनाजवळून जावं लागतं, आणि या दिवसांत तिथं आलो की माझी पावलं भरभर पडायला लागतात. लोकांना हा हंगाम लग्नांचा वाटतो, हुरड्या-पोपटीचा वाटतो. मला या दिवसांत एक उडी आठवते. चार वर्षं झाली, तरी तीच आठवते.

त्याआधी वीस वर्षं मी भिवंडीत पॉवरलूमचा मिस्त्री होतो. लूमचं दुखणं डोळ्यांनी दिसत नाही, ते कानानं ओळखावं लागतं. सगळी शेड खडखडत असताना कुठल्या मशिनाचा धोटा अडकतोय हे मला पाठमोरं उभं राहूनही कळायचं. मग शेड बंद पडली, मशिनं भंगारात गेली, मुकादम आपापल्या मुलखात गेले. मी पंचेचाळिशीत रिकामा झालो. घरी बसलो की भिंतीवरच्या पंख्याचा बुश झिजलाय हेच ऐकत बसायचो.

तेव्हा दिलीपशेठनं बोलावलं. त्याच्या घरच्या तीन बाजूंच्या जमिनी गोदामांना जाऊन मधलं एक भातशेत उरलं होतं. त्यात त्यानं मातीचा ट्रॅक काढला होता आणि सहा एटीव्ही आणल्या होत्या. एटीव्ही म्हणजे फुगीर टायरांची, चार चाकांची मोटारसायकलच म्हणा. ठाण्या-कल्याणची माणसं सुट्टीच्या दिवशी यायची, हेल्मेट घालून चार फेऱ्या मारायची, फोटो काढायची, जायची.

"मिस्त्री, लूम काय नि ही काय, लोखंडच हाय ना?" शेठ म्हणाला.

मी हो म्हणालो. दुसरं काही म्हणण्यासारखं माझ्याजवळ नव्हतं.

ती जागा पहिल्या दिवसापासून मला घुसमटवायची. तीन बाजूंना चाळीस-चाळीस फूट उंच पत्रा आणि चौथ्या बाजूला फाटक. इंजिनाचा आवाज एका पत्र्यावर आदळून दुसऱ्यावर जायचा, तिथून तिसऱ्यावर. उडालेल्या धुळीला बाहेर जायला वाट नसायची, ती आमच्याच अंगावर बसायची. दुपारी तीनला सूर्य पश्चिमेच्या गोदामामागे जायचा आणि ट्रॅकवर सावली पडायची. बाहेर रस्त्यावर लख्ख ऊन, आणि आत आमची संध्याकाळ. त्या सावलीत गाड्या गोल गोल फिरत राहायच्या. शेडमधे निदान कापड तरी पुढे सरकताना दिसायचं.

मंगल तिथं माती टाकायला आली होती. डोंगराकडच्या एका पाड्यावरची, पंचवीस-सव्वीसची, काटक. पावसाळ्यात आईबरोबर थोडं भात लावायची, आणि कापणी झाली की दोघी खाडीकडच्या वीटभट्टीवर जायच्या. तिथंच झोपडी, तिथंच चूल, पहिला पाऊस पडेपर्यंत चिखल थापायचा आणि कच्च्या विटा डोक्यावरून वाहायच्या. नवऱ्याला सोडून ती केव्हाच माहेरी आली होती. ती सगळ्यांना अरे-तुरे करायची, शेठलाही. मला मात्र 'चाचा' म्हणायची, आणि वर अरे-तुरे.

एकदा मी दुरुस्त केलेली गाडी फिरवून बघायला कुणी नव्हतं. ती म्हणाली, "मी बघू?" आणि बसली. पहिल्या वळणाला घसरली, दुसऱ्याला सावरली, पाचव्या फेरीला मी हातातला पाना खाली ठेवून बघत राहिलो. ती गाडीवर बसतच नव्हती. पायांवर उभी राहायची, गुडघे सैल सोडायची आणि गाडी खाली उसळत असताना वर तिचं अंग जागच्या जागी राहायचं. डोक्यावर पाटी घेऊन शेताच्या बांधांवरून चालणारी माणसं अशी चालतात. तिला कुणी काही शिकवायची गरजच नव्हती.

शेठनंही ते बघितलं. बघितलं आणि लगेच ठरवलं. "हिला उडी मारू दे. पब्लिक व्हिडिओ काढंल."

"शेठ, गाड्या कंपनीतून आल्यात तशाच आहेत," मी म्हणालो. "त्यांचे शॉकअप उडीसाठी नाहीत."

"मंग कशासाठी हायत?"

खरंच, कशासाठी? बांधावरून उतरायला, खड्ड्यातून जायला, मागे पोतं बांधून वाडीत फिरायला. पुढे दोन शॉकअप आणि मागची चाकं धरणाऱ्या चिमट्याला एक. शॉकअप म्हणजे एक स्प्रिंग आणि तिच्या पोटात तेलाची नळी. स्प्रिंग धक्का झेलते आणि तेल स्प्रिंगला आवरतं. दोघांचं जमलं तर माणसाला काही कळत नाही. पण नळीत शिरणाऱ्या दांड्याची खाली जायची जागा वीतभरच असते. ती संपली की दांडा तळाला लागतो, आणि पुढचा धक्का मग गाडी घेत नाही.

मी आणि मंगलनं आठवडाभर तपासून बघितलं. शॉकअपच्या चकचकीत दांड्याला मी बोटानं ग्रीस लावायचो. तिनं उडी मारली की ग्रीस कुठवर पुसलं गेलंय ते वाकून बघायचो. वीतभर ढिगाऱ्यावरून उडी घेतली तर अर्धाही दांडा वापरला जात नव्हता. गुडघाभर ढिगारा केला आणि पलीकडे उतार ठेवला, म्हणजे गाडी उतारावर उतरून पुढे पळत जाईल असा, तर तळाला बोटभर जागा उरत होती. तोच ढिगारा ठेवून सपाट जमिनीवर उतरलं की ग्रीस पार पुसून निघायचं आणि 'ठक्' आवाज यायचा. तो आवाज मला कानाआधी तळपायांत कळायचा.

"स्प्रिंग कसून टाक ना मंग," मंगल म्हणाली. तिला आता सगळं कळायला लागलं होतं.

"कसली की सुरुवातीला कडक होते. पण तेल तेवढंच आहे. जेवढी जोरात दबेल तेवढी जोरात परत उसळेल. मागून लाथ बसेल तुला."

"म्हंजी गाढव."

"हो. गाढवच."

तिला हसू आवरेना. त्या पत्र्यांच्या मधे मी ऐकलेलं ते पहिलं मोकळं हसणं. एक गोष्ट आणखी सापडली होती. लागोपाठ उड्या मारल्या की मागचा शॉकअप तापतो, आतलं तेल फेसाळतं आणि त्याची पकड सुटते. म्हणून आमचं ठरलं: ढिगारा गुडघाभर, पलीकडे उतार, आणि पाच उड्यांनंतर गाडी गार होईपर्यंत थांबायचं. शेठ कुरकुरला, पण कबूल झाला.

ते तीन आठवडे मी आजही हातात घेऊन बघतो. पोरंसोरं, बायामाणसं दोरीपलीकडे उभी. मंगल दुरून येते, ढिगाऱ्यापाशी किंचित वेग वाढवते, आणि क्षणभर चारही चाकं हवेत. इंजिनाचा आवाज बदलतो, पातळ होतो. मग उतारावर मागची चाकं, पाठोपाठ पुढची, आणि धुळीतून ती उभीच्या उभी बाहेर येते. मी एकदा विचारलं होतं, वर काय वाटतं म्हणून.

"वर गेला का पत्र्याच्या पलीकडचा दिसतो," ती म्हणाली. "आमचा डोंगर."

मी मोजून बघितलं होतं. एवढ्याशा उडीत चाळीस फुटांच्या पत्र्यापलीकडचं काही दिसणं शक्य नव्हतं. फाटकाच्या फटीतून दिसत असेल कदाचित. मी तिला तसं म्हणालो नाही.

तिची आई त्या वर्षी एकटीच भट्टीवर गेली होती. भट्टीचा मुकादम दोनदा ट्रॅकच्या फाटकाशी येऊन मंगलला विचारून गेला. "तुझी जागा ठेवलीय." तो वाईट माणूस नव्हता, त्याला माणसं हवी होती. तो गेल्यावर मंगल बराच वेळ हेल्मेट पुसत बसली. मग म्हणाली, "मना भट्टीवं न्हाय जावाचा, चाचा. काय बी झाला तरी."

नाताळच्या आधी शेजारच्या गोदामाचं वाढीव काम पुढे सरकलं. एका सकाळी आलो तर जेसीबीनं आमचा उतार उचलून नेला होता. तिथून ट्रकांसाठी वाट काढायची होती. ढिगारा तसाच, आणि पलीकडे ठोकून सपाट केलेली जमीन. मी शेठकडे गेलो.

"शेठ, आता उडी बंद करायला लागेल."

शेठ फोनवर बोलत होता. फोन न ठेवताच म्हणाला, "उडी बंद तर बाई बंद. फेऱ्या मारायला पब्लिक येतंय, त्याला बाई कशाला लागते? बघ तू."

एवढंच. तो ओरडला नाही, धमकी दिली नाही. मी परत ट्रॅकवर आलो. मंगल माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, "बघतो काहीतरी."

आणि मी खरंच बघत राहिलो. टायरांतली हवा कमी केली, म्हणजे थोडा धक्का टायर खातील. तळाचं रबर बदललं. स्प्रिंग कसली, मग ढिली केली, मग मधे ठेवली. चौथ्या गाडीचा त्यातल्या त्यात बरा शॉकअप काढून तिच्या गाडीला लावला. ढिगाऱ्याची वरची माती रोज सकाळी फावड्यानं थोडी खरवडायचो, शेठ संध्याकाळी पुन्हा टाकायला लावायचा. यातल्या कशानंही 'ठक्' थांबत नव्हतं, फक्त त्याचा आवाज जरा दबत होता. मला ते कळत होतं. तरी रोज हातात पाना घेऊन मी वाकायचो, कारण वाकलं की तिच्याकडे बघावं लागत नसे. गाडीला उडी झेपणार नाही असं मी म्हटलं की ती भट्टीवर जाणार. तसं न म्हणता गप्प राहिलो तर रोज तो ठक् तिच्या पाठीत जाणार. घरी बायको विचारायची, जेवण का उरतंय? मी म्हणायचो, धूळ जाते तोंडात.

तो रविवार होता. कुठल्याशा मोठ्या ऑफिसची माणसं आली होती, एकसारखे टी-शर्ट घालून. गर्दी हलेना. पाच उड्या झाल्या, मी हात वर केला. शेठनं लांबूनच 'चालू दे' अशी खूण केली. सहा, सात. दहावीनंतर मंगल गाडी माझ्यापाशी घेऊन आली. मी खाली वाकून मागच्या शॉकअपला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. चटका बसला होता.

हेल्मेटच्या काचेला धूळ होती, तिचे डोळे नीट दिसत नव्हते. तिनं काच वर केली.

"चाचा, सोसंल ना?"

मागे कुणीतरी शिट्ट्या मारत होतं. शेठ दोरीपाशी उभा होता. मी बोट पँटला पुसलं.

"सोसेल," मी म्हणालो.

तिनं क्षणभर माझ्याकडे बघितलं, काच खाली केली आणि गाडी वळवली.

ढिगाऱ्यावर चढतानाच तापलेल्या शॉकअपनं मागून लाथ मारली. तिचे पाय पायपट्टीवरून सुटले. गाडी हवेत सरळच होती, फक्त ती उभी नव्हती. ती सीटवर बसलेली असतानाच चारही चाकं एकदम सपाट जमिनीवर आली. ठक्. टी-शर्टवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण बघणाऱ्याला ती उडी झकास वाटली होती. गाडी उलटली नाही, ती पडली नाही. हळूहळू पुढे जाऊन गाडी थांबली आणि मंगल हँडलवर डोकं टेकून तशीच राहिली.

मी धावत गेलो. तिला उतरवताना तिच्या तोंडातून आवाज फुटत नव्हता. जीभ चावली गेली होती, हनुवटीवर रक्त होतं. आम्ही तिला फळीवर आडवं केलं. शेठ आला, त्याचाही चेहरा उतरला होता, पण त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. हँडल हलवून बघितलं, चाकं बघितली.

"मिस्त्री, गाडीला तर काय बी झालेला नाय."

त्याचं खरं होतं. दांडा वाकला नव्हता, चिमटा सरळ होता, एक बोल्टही सुटला नव्हता. मी दुसऱ्या दिवशी सगळी गाडी उघडून बघितली. काहीतरी मोडलेलं सापडावं म्हणून मी शोधत होतो. मोडलेलं सापडलं असतं तर ते मी शेठसमोर नेऊन ठेवलं असतं. काही नव्हतं.

कमरेतला एक मणका दबला होता. डॉक्टरांनी विचारलं, किती उंचावरून पडली? मी म्हणालो, पडली नाही, बसली. त्यांना ते समजायला वेळ लागला. पाय वाचले, हे नशीब. तीन महिने पट्टा, वाकायचं नाही, आणि ओझं तर कधीच उचलायचं नाही. दवाखान्याचं शेठनं बघितलं. मी त्याच आठवड्यात काम सोडलं. त्यानं दुसरा मिस्त्री आणला, आणि मार्चमधे त्या ट्रॅकवरही गोदामाचा पाया पडला.

त्या हंगामात मी तीनदा पाड्यावर गेलो. चढण चढताना मनाशी जुळवत जायचो: मंगल, मला माहीत होतं. एवढं एकच वाक्य. कुडाच्या घरात ती जमिनीवर अंथरलेल्या पेंढ्यावर सरळ पडलेली असायची, छताकडे बघत. आई भट्टी सोडून परत आली होती. दार लहान, खिडकी नाही. आत गेलं की बाहेरचा उजेड डोळ्यांत राहायचा आणि तिचा चेहरा दिसायला वेळ लागायचा. मी केळी ठेवायचो. पाण्याचं विचारायचो, पाड्याच्या रस्त्याचं विचारायचो. एकदा दाराची बिजागरी सैल झाली होती ती नीट केली. तिन्ही वेळा ते वाक्य न बोलताच उतरलो. चौथ्यांदा गेलोच नाही.

यंदा, कापणी होऊन आठवडा झाला असेल, ती आमच्या गोदामात आली. मी आत एका फोर्कलिफ्टचं ब्रेक ऑइल बदलत होतो. सुपरवायझरनं हाक मारली. तो कल्याणकडचा, पोरगेलासा, कामाला चोख. त्याच्या टेबलाशी मंगल उभी होती, केस चापूनचोपून बांधलेले, पाठ अगदी ताठ. ती ताठ का उभी राहते ते मला माहीत होतं.

"मिस्त्री, ही म्हणते तुम्ही ओळखता हिला. फोर्कलिफ्टला बाया घ्यायच्यात आपल्याला. चालवेल का?"

मंगल माझ्याकडे बघत होती. चार वर्षांनी. तिला माझ्याकडून एक शब्द हवा होता, आणि तो शब्द खराही होता. तिच्याइतकी चांगली गाडी चालवणारं माणूस मी दुसरं बघितलेलं नाही.

पण फोर्कलिफ्टला शॉकअप नसतो. एकही नाही. भरीव टायर, खाली लोखंड. फरशीतली प्रत्येक फट, माल चढवायच्या डॉकवरची प्रत्येक पट्टी सरळ सीटमधून वर येते. आठ तासांची शिफ्ट.

"चालवेल," मी म्हणालो. "कुणाहीपेक्षा चांगली चालवेल. पण तिच्या कमरेचा मणका दबलेला आहे. या गाडीवर बसवू नका तिला."

सुपरवायझरनं पेन खाली ठेवलं. "मग राहू दे, ताई. बसून करायचं काही निघालं तर सांगतो."

ती बाहेर पडली. मी हात पुसत मागे गेलो. फाटकाबाहेर ट्रेलरांची रांग लागली होती, दोन ट्रेलरांच्या मधल्या सावलीत ती थांबली.

"आज लगेच बोललास," ती म्हणाली.

"मंगल, त्या दिवशी मला माहीत होतं."

"मना बी माहीत व्हता. तुजा बोट भाजला त्यो मी बघला ना."

"मग उडी का मारलीस?"

"तू 'न्हाय' बोलशील म्हनून थांबली व्हती मी. माज्या तोंडातना 'न्हाय' निघत नव्हता. मी 'न्हाय' बोलली असती तं मीच भट्टीवं गेली असती ना, माज्या पायानं. तू बोलला असतास तं तुज्यावं राग काडला असता नि गेली असती. राग काडाला कोन तरी पायजे व्हता, चाचा."

ट्रेलरचा ब्रेक सुस्कारला. मी म्हणालो, "आता काढ."

"आता काडतेच हाय."

काम काय करणार, मी विचारलं नाही. मला उत्तर माहीत नव्हतं आणि तिलाही नसावं. आम्ही शेअर रिक्षाच्या थांब्यापर्यंत चालत गेलो, ती पुढे, मी दोन पावलं मागे. रिक्षा आली. मागे दोघंजण होते, ती तिसरी चढायला लागली. मागच्या सीटखाली चाकं येतात. मी ड्रायव्हरला म्हणालो, "भाई, इसको आगे बिठाओ, अपने बाजू में. पीछे झटका बैठता है."

ती माझ्याकडे न बघता उतरली आणि पुढे जाऊन बसली, एक हात दांडीला धरून.

"और गड्ढा देखके चलाना," मी म्हणालो. "कमर का प्रॉब्लेम है."

ड्रायव्हरनं आधी समोरच्या रस्त्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "चाचा, गड्ढा छोडके रोड किधर है, वो बता दो. उधर से ले जाता हूं."

मंगलला हसू फुटलं. हसताना तिचा एक हात कमरेकडे गेला आणि ओठ आवळले गेले, तरी ती हसतच होती. रिक्षानं पहिला खड्डा घेतला. ती दांडीला धरून सीटवरून अर्धी उठली, गुडघे सैल सोडले, आणि रिक्षा खाली आदळत असताना तिचं अंग वर जागच्या जागी राहिलं.